समुद्राला बुकिंग कळत नाही

आमच्या चिखल्याच्या समुद्रात स्कूबा डायव्हिंग होत नाही. उद्या कुणी सुरू केलंच, तर मी जाऊ नका म्हणूनच सांगेन. पाण्याखाली गेल्यावर स्वतःचा हात दिसला तरी पुष्कळ! खंभातचं आखात आमच्यापासून फार लांब नाही. नर्मदा-तापीचा गाळ, भरती-ओहोटीतला मोठा फरक आणि उथळ किनारा, यामुळे डहाणूपासून बोर्डीपर्यंतचं पाणी कायम गढूळ. गावाच्या नावातच चिखल आहे म्हणून पाहुणे चेष्टा करतात, आम्हीही हसून घेतो. सुरूची झाडं, ओहोटीला दूरवर उघडी पडणारी वाळू आणि संध्याकाळचा वारा, एवढ्यावर आमचा समुद्र सुंदर आहे. त्याच्या पोटात डोकावायची सोय मात्र नाही.

आणि हल्ली डोकावायची हौस तर सगळ्यांनाच आहे. नाताळची सुटी जवळ आली, की माझ्याकडे चौकशा सुरू होतात. जुने विद्यार्थी रस्त्यात भेटतात (आता त्यांचीच मुलं कॉलेजात आहेत) आणि विचारतात, "बाई, आम्ही मालवणला चाललोय, स्कूबा करणार आहोत. तुम्ही जाऊन आलात ना? बरोबर काय काय न्यायचं?"

मी सांगते, टॉवेल न्या, जादा कपड्यांचा एक जोड न्या, उलटीची गोळी न्या. आणि 'नको' हा शब्द न्या. तो विसरलात तर बाकीचं सामान नेऊन उपयोग नाही.

लोकांना वाटतं बाई गंमत करताहेत. म्हणून म्हटलं, एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

आधी एक गोष्ट सांगून टाकते. मी स्वतः पाण्याखाली गेलेले नाही. वय सत्तरीच्या पुढे, रक्तदाबाची गोळी रोज सकाळी. मागच्या हिवाळ्यात मुलगा, सूनबाई आणि बारा वर्षांची नात यांच्याबरोबर तारकर्लीला गेले आणि दोन्ही दिवस होडीत बसून राहिले. होडीत बसलेल्या माणसाला पुष्कळ दिसतं. कोण घाबरलाय, कोण घाबरलाय पण दाखवत नाही, कोण बायकोसमोर फुशारकी मारतोय, कोणाचं लक्ष माशांकडे आणि कोणाचं कॅमेऱ्याकडे. चाळीस वर्षं वर्गात टेबलामागून हेच तर पाहिलं. घरी आल्यावर जे कळलं नव्हतं ते वाचून काढलं, शिकलेल्या लोकांना विचारलं. हे टिपण त्यातूनच तयार झालं.

पहिली गोष्ट, पाठीवरच्या नळकांड्याबद्दल. सगळे म्हणतात 'ऑक्सिजनचा सिलिंडर'. तो ऑक्सिजनचा नसतो. त्यात तुमच्या-आमच्या अंगणातली साधी हवाच असते, फक्त दाबून दाबून भरलेली. साधारण बारा लिटरच्या नळकांड्यात दोन हजारांहून अधिक लिटर हवा मावते. ही हवा श्वासागणिक, बाहेरच्या पाण्याच्या दाबाइतक्याच दाबाने तोंडात देणारं यंत्र १९४३ साली फ्रान्समध्ये झाक कूस्तो आणि एमिल गान्यां या दोघांनी तयार केलं. त्याआधी पाणबुड्याला बहुतेक वेळा वरून नळीने हवा पुरवावी लागे. या दोघांनी माणसाला त्या नळीतून सोडवलं. यंत्र मोठं हुशार आहे. पण ते हवा देतं, अक्कल देत नाही.

दुसरी गोष्ट, 'स्कूबा केलं' या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी घुसडलेल्या असतात. पाण्यावर पालथं तरंगत, तोंडात नळी धरून खाली बघायचं, ते स्नॉर्कलिंग. प्रशिक्षकाने धरून थोडा वेळ खाली नेऊन आणायचं, ती चाखून बघण्याची बुडी. आणि तीन-चार दिवस रीतसर शिकून, परीक्षा देऊन स्वतःच्या भरवशावर जोडीदारासह खाली जायचं, तो अभ्यासक्रम. चाखून बघणाऱ्याला १२ मीटरच्या खाली नेऊ नये असा नियम आहे. पहिली पायरी शिकलेल्याला १८ मीटरपर्यंत जाता येतं. दोन्हींना वयाची किमान अट १० वर्षांची. तेव्हा पैसे भरण्याआधी विचारा, की यांतलं नेमकं कोणतं देताय? नाव एक आणि माल दुसरा, असं बाजारात नेहमीच होतं.

आपण कुठे जातोय हेही माहीत असावं. मालवणला खाली बघण्यासारखं काहीतरी आहे. सिंधुदुर्ग किल्ला महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतला. त्या किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहेत, रंगीत मासे आहेत. म्हणूनच १९८७ साली इथलं २९ चौरस किलोमीटरचं क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालं. पुढे तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबाच्या प्रशिक्षणाची संस्थाही उभारली. गोव्याचं ग्रँड आयलंड, कर्नाटकात मुरुडेश्वरजवळचं नेत्राणी बेट आणि पैसे असतील तर अंदमान. तिथल्या हॅवलॉकचं नाव २०१८ पासून स्वराज द्वीप झालं आहे. हे सगळे आपल्या लोकांच्या वाटेवरचे समुद्र.

हंगाम पावसाळा संपल्यापासून मे महिन्यापर्यंत. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. आणि इथे आमच्या मांगेल्या-माच्छ्यांचं शहाणपण उपयोगी पडतं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जोरात ये-जा करतं आणि तळाची माती ढवळते. अष्टमीच्या आगेमागे भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी मंद. तेव्हा पाणी त्यातल्या त्यात निवळ राहतं. भरतीची वेळ काढायला आमच्याकडचा जुना हिशेब म्हणजे तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला साधारण तीन वाजता, अष्टमीला सहाला. ढोबळ आहे, पण किनाऱ्यावरच्या माणसाचं काम भागतं. सुटीची तारीख ठरवताना कॅलेंडरवर रविवार बघता, तसा चंद्रही बघा. :)

आणि दिवस दोन जास्त ठेवा. रात्रभर प्रवास करून कुडाळला उतरायचं, तसंच मालवण गाठायचं, सकाळी बुडी मारायची आणि संध्याकाळी परतीची गाडी पकडायची, असे कार्यक्रम मी पाहिले. अशा माणसाला समुद्राने 'आज नको' म्हटलं तर तो ऐकेल कसा? त्याच्याकडे उद्याच नसतो.

आता फॉर्म. पाण्यात उतरण्याआधी तब्येतीची प्रश्नावली भरायची असते. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, फिट येते का, कानाचं ऑपरेशन झालं आहे का, गरोदर आहात का, रक्तदाबाची औषधं चालू आहेत का, आणि पंचेचाळिशीच्या पुढच्यांना आणखी थोडे प्रश्न. एखाद्या प्रश्नाला 'हो' आलं, की डॉक्टरचा दाखला लागू शकतो. आम्हाला मिळालेली प्रश्नावली इंग्रजीत होती. माझं बी.ए. मराठी माध्यमातलं, तेव्हा मी नातीला शेजारी बसवून एकेक ओळ वाचून घेतली. आजूबाजूला मात्र माणसं पटापट खाली सह्या करत होती. फॉर्म इंग्रजीत आणि सह्या मराठीत! कुठे सही करतोय हे त्यांतल्या निम्म्यांना तरी कळलं असेल का, याची मला शंका आहे.

रक्तदाबापुढे मी 'हो' लिहिलं. फॉर्म गोळा करणारा मुलगा गोड होता. म्हणाला, "आजी, काय होवचा नाय, 'नाही' लिवा." त्याचा हेतू वाईट नव्हता. एक गिऱ्हाईक कमी होणार आणि म्हातारी हिरमुसणार, एवढंच त्याला दिसत होतं. मी त्याला म्हटलं, "बाळ, हा काही शाळेच्या प्रवेशाचा अर्ज नाही. इथे खोटी जन्मतारीख चालायची नाही." तो हसला आणि माझं नाव खोडलं. हा माझा पहिला 'नको'. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण फॉर्म कंपनीसाठी भरायचा नसतो. वर जमिनीवर ज्या दुखण्याचं काही वाटत नाही, ते पाण्याच्या दाबाखाली अंगावर येऊ शकतं, म्हणून तो असतो. आणि मराठी मुलखात, मराठी पर्यटकांसाठी, हा कागद मराठीत असलाच पाहिजे. मिळाला नाही तर मागा. दहा जणांनी मागितला की अकराव्याला आपोआप मिळेल.

यानंतर येतात श्वास आणि कान. विज्ञान हा काही माझा विषय नाही, पण यातलं मूळ तत्त्व सातवीच्या मुलालाही समजेल असं आहे. समुद्रात दर दहा मीटरला वातावरणाइतका एक दाब वाढतो. वर फुगवलेला फुगा दहा मीटर खाली नेला तर निम्म्या आकाराचा होतो. उलट, दहा मीटर खाली पूर्ण भरलेला फुगा तोंड बांधून वर आणला तर दुप्पट होऊ पाहतो आणि फुटतो. आपली छाती म्हणजे असेच दोन फुगे. म्हणून स्कूबाचा पहिला नियम म्हणजे श्वास कधीही रोखायचा नाही. सावकाश, सतत, तोंडाने घेत-सोडत राहायचं.

यात आपल्या खेड्यातल्या पोरांना एक वेगळाच धोका आहे. लहानपणापासून विहिरीत सूर मारणारा मुलगा, पाण्यात गेला की श्वास रोखणार. ती त्याच्या अंगात मुरलेली सवय आहे, आणि विहिरीत ती बरोबरच आहे. वरून भरून नेलेला श्वास वर येताना पुन्हा मूळचा होतो, बिघडत काही नाही. पण सिलिंडरमधली हवा खाली घेऊन, ती छातीत कोंडून वर आलात, तर दीड-दोन मीटरवरूनही फुप्फुसाला इजा होऊ शकते. तेव्हा 'मला पोहता येतं, मला काय शिकवता' म्हणणाऱ्याने जास्त लक्ष देऊन ऐकावं.

कानांचंही तसंच. पाण्याचा सर्वांत जास्त बदल पहिल्या काही मीटरमध्येच जाणवतो. नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा कानांकडे ढकलायची. दुखायला लागल्यावर नाही, दुखण्याच्या आधी. दर मीटरभराला. जोर लावायचा नाही. मोकळे झाले नाहीत तर थोडं वर यायचं, पुन्हा प्रयत्न करायचा. तरी नाही झाले तर बुडी संपली. सर्दी असेल तर उतरायचंच नाही. सर्दी ही घरी किरकोळ गोष्ट असते, पाण्याखाली नसते.

आता खुणा. तिथे बोलता येत नाही, तेव्हा हाताची भाषा. आपण रोज फोनवर अंगठा वर करून 'छान' म्हणतो. पाण्याखाली अंगठा वर म्हणजे 'मला वर ने'! सगळं ठीक आहे हे सांगायला अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल करायचा. पंजा आडवा धरून हलवला म्हणजे 'काहीतरी बिघडलंय'. भाषेच्या शिक्षिकेला हे फार आवडलं. खूण तीच, पण मुलूख बदलला की अर्थ बदलतो. होडीत बसल्या बसल्या या तीन खुणा दहादा करून बघा. घाईत तुम्ही आनंदाने अंगठा दाखवायचात आणि प्रशिक्षक तुम्हाला वर आणायचा. मग म्हणाल, पैसे गेले!

पैशांवरून आता नातीची गोष्ट सांगते. पहिल्या दिवशी ती खाली गेली आणि दोन मिनिटांच्या आत वर आली. कान दुखले, तिने पंजा हलवला, मग अंगठा वर केला. प्रशिक्षकाने लगेच आणली, त्याचं कौतुकच आहे. होडीत मात्र कुणीतरी हसलं. एका काकूंनी "अगं, एवढे पैसे भरलेत, पुन्हा जा की" असा सल्ला दिला. तिचा बापही, म्हणजे माझाच मुलगा, म्हणाला, "थोडं सहन करायचं होतंस, मासे तिथेच होते." नातीचे डोळे भरले. मी तिला टॉवेलात गुंडाळून जवळ घेतलं आणि मुलाला सगळ्यांदेखत म्हटलं, "आज या होडीतून पाण्यात गेलेल्यांपैकी शिकवलेलं नीट लक्षात ठेवणारी एवढी एकच आहे." मुलगा गप्प बसला. दुसऱ्या दिवशी ती गेली नाही, कान अजून जड होता. आम्ही दोघी होडीतून पाणी बघत राहिलो. त्या सुटीत तिला एकही मासा नीट दिसला नाही. पण घरी आल्यावर तिने स्वतःहून पोहण्याच्या वर्गात नाव घातलं. 'पुढच्या वेळी मी पूर्ण कोर्स करणार' म्हणते. तिचा व्हिडिओ नाही, फोटो नाही. मला त्याचं काही वाटत नाही.

बारा वर्षांच्या मुलीला जे जमलं ते आपल्याला, मोठ्यांना, जमत नाही. आपण गटाने जातो. गटात एकट्याने 'नको' म्हणायची लाज वाटते. वर आगाऊ पैसे भरलेले. वर शेजाऱ्यांचे व्हिडिओ पाहिलेले. आणि समुद्रावरच्या बहुतेक दुर्घटना अशा 'आता आलोच आहोत तर' या वाक्यानंतर घडतात, असं माझं मत झालं आहे.

हे मत मालवणात झालेलं नाही, इथेच झालं. १३ जानेवारी २०१८ ला, ऐन संक्रांतीच्या आदल्या दिवशी, डहाणूच्या पारनाका किनाऱ्यावरून कॉलेजच्या मुलामुलींना घेऊन एक होडी समुद्रात गेली आणि उलटली. चाळीसएक मुलं होती. मच्छीमार धावले, तटरक्षक दल आलं, बहुतेकांना वाचवलं. तीन मुली गेल्या. होडीत प्रमाणाबाहेर माणसं होती आणि मुलांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हती, असं तेव्हा पुढे आलं. तो दिवस आमच्या भागात कुणी विसरलेलं नाही. आणि २४ मे २०२२ ला तारकर्लीजवळ, स्कूबा करून परत येणारी वीस पर्यटकांची होडी उलटली. दोघे गेले. लक्षात घ्या, पाण्याखाली नाही. बुडी मारून, हसत-खेळत परत येताना, किनारा जवळ आला असताना.

म्हणून माझ्या यादीत सिलिंडरच्या आधी होडी येते. होडीला पर्यटक नेण्याचा परवाना आहे का? किती माणसांचा? मोजा. मास्तरकी कामाला येऊ दे, एक-दोन-तीन करून डोकी मोजा. प्रत्येकाला लाईफ जॅकेट आहे का, लहान मुलांच्या मापाचं आहे का, आणि ते बांधलंय की नुसतं मांडीवर धरलंय? जाताना आणि येताना, दोन्ही वेळा. वारा सुटलाय आणि होडीवाला म्हणतोय 'लवकर आटपू', तर आपण म्हणायचं, 'आज राहू दे.' एकाने म्हटलं की दुसऱ्याला धीर येतो. त्या एकाची वाट बघत सगळेच गप्प बसतात, हीच अडचण असते.

२०१८ नंतर आमच्याकडे काही घरांनी उलटाच धडा घेतला. मुलांनी, विशेषतः मुलींनी, पाण्याजवळ जायचंच नाही. पालकांची भीती मला समजते. तिला मी नावं ठेवणार नाही. पण हा धडा मला मान्य नाही. ज्या गावातले खलाशी ओखा-पोरबंदरपर्यंत होड्यांवर कामाला जातात, तिथल्या मुलीला पोहता येऊ नये? पाण्यापासून लांब ठेवलेलं मूल आज घाबरून काठावर राहील, उद्या मैत्रिणींबरोबर होडीत चढेल, आणि तेव्हा तिला ना पोहता येत असेल, ना होडी पारखता, ना 'नको' म्हणता. मोडकळीस आलेला पूल दिसला म्हणून आपण मुलांना चालायचं शिकवायचं थांबवत नाही.

'पोहता येत नसलं तरी चालेल' अशी पाटी स्कूबावाले लावतात. चाखून बघायच्या बुडीपुरती ती खरी आहे, कारण प्रशिक्षक तुम्हाला सोडतच नाही. पण पूर्ण अभ्यासक्रमाला २०० मीटर पोहून दाखवावं लागतं आणि दहा मिनिटं तरंगावं लागतं. ही अट उगीच नाही. माझा सल्ला विचाराल तर या वर्षी पोहायला शिका, पुढच्या वर्षी मालवणला जा. आणि जाल तेव्हा पंधरा मिनिटांच्या तीन बुड्यांचे पैसे साठवून एकदाच नीट शिका. व्हिडिओ दोन वर्षांत कंटाळवाणा होतो, शिकलेलं राहतं.

आता राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी, भगिनीवर्गासाठी जरा जास्त. काचेच्या बांगड्या, मंगळसूत्र, कानातलं हे सगळं घरीच, निदान खोलीवरच ठेवा. दागिना अडकतो, हरवतो, बांगडी फुटून हात कापतो. केसांची घट्ट वेणी घाला. एक बट मास्कखाली आली तरी पाणी आत शिरतं. पुरुषांनो, भरघोस मिशांचंही तेच! चष्मा लावून मास्क बसत नाही, तेव्हा नंबरचा मास्क मिळेल का ते आधीच फोन करून विचारा. सकाळी हलकं खा. आदल्या रात्री मद्य नको. तुमचा प्रशिक्षक एका वेळी किती जणांना धरणार, त्याचं प्रमाणपत्र कोणतं, आणि होडीवर आणीबाणीसाठी ऑक्सिजन आहे का, हे विचारा. खरा ऑक्सिजन लागतो तो इथे! न चिडता उत्तर देणारा माणूस बहुधा चांगला असतो.

प्रवाळाला हात लावू नका, पाय तर नाहीच. तो दगड दिसतो पण जिवंत असतो, फार सावकाश वाढतो आणि कायद्याने त्याला संरक्षण आहे. फोटोत मासे यावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकू नका. कुणी देऊ केली तर तिथेही आपला शब्द वापरा.

आणि शेवटचं, परतीच्या प्रवासाचं. दाबाखाली हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि वर आल्यावर सावकाश बाहेर पडतो. सोड्याची बाटली एकदम उघडली तर फसफसते, हळू उघडली तर नाही. म्हणून पाण्यातून हळू वर यायचं आणि लगेच विमानात बसायचं नाही. एकच बुडी मारली असेल तर निदान १२ तास, अनेक मारल्या असतील तर निदान १८ तास थांबा असं जाणकार सांगतात. पुष्कळ जण सरळ एक दिवस मोकळा ठेवतात. अंदमानाला जाणाऱ्यांनी परतीचं तिकीट याच हिशेबाने काढावं. आपल्या चिपीच्या विमानतळालाही तोच नियम. खोल बुडी मारून लगेच आंबोलीचा घाट चढणार असाल, तर तेही प्रशिक्षकाला आधी सांगा. उंची विमानाने गाठा की एस.टी.ने, शरीराला फरक पडत नाही.

असो. लिहिता लिहिता वर्गात शिरल्यासारखं झालं खरं. घाबरवून घरी बसवायचा माझा हेतू नाही. शक्य असेल त्याने जरूर जावं, समुद्राचं पोट बघावं, मुलांना दाखवावं. माझी खात्री आहे की तिथे जे दिसतं ते पुस्तकात नाही. फक्त जाण्याच्या आदल्या रात्री सगळ्यांनी जेवायला बसताना एक ठरवून टाका. उद्या आपल्यातल्या कुणीही, अगदी सर्वांत धाकट्यानेही, 'नको' म्हटलं, तर कारण विचारायचं नाही, हसायचं नाही आणि पैशांचा विषय काढायचा नाही. घरात हे एकदा ठरलं, की समुद्रावर ते सोपं जातं.